आमची वाटचाल : पेशंटच्या हातात पेन देणारं क्लिनिक

आमचं फिजिओथेरपीचं क्लिनिक, सुरुवातीला आम्ही दोघीच होतो, मी आणि माझी पार्टनर. दोन टेबलं, धरून चालायचे पॅरलल बार, भिंतीवरचं शोल्डर व्हील, दुखण्यावर करंट देणारं एक सेकंडहँड आयएफटी मशीन आणि सांध्याचा कोन मोजायचा माझा स्टीलचा गोनिओमीटर. तो अजून एप्रनच्या खिशात असतो. प्लॅस्टिकचे हलके असतात हे खरं, पण आकडे पुसट होतात आणि स्क्रू सैल झाला की रीडिंगचा भरवसा नाही, त्यामुळे नवीन मुलींना मी आधी स्क्रू बघायला शिकवते, मग सांधा.

पहिल्या दिवसापासून आमची एकच पद्धत. पेशंट टेबलवर झोपायच्या आधी त्याच्या हातात कागद आणि पेन. दुखण्यामुळे जमत नाहीत अशी तीन ते पाच कामं त्याने स्वतःच्या शब्दांत लिहायची आणि प्रत्येकाला शून्य ते दहा मार्क द्यायचे. शून्य म्हणजे अजिबात जमत नाही, दहा म्हणजे पहिल्यासारखं जमतंय. हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही, पेशंट-स्पेसिफिक फंक्शनल स्केल म्हणतात त्याला, १९९५ मध्ये स्ट्रॅटफर्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेला. आमच्या लाइनमधल्या सगळ्यांना माहितीये, परीक्षेत लिहितात आणि विसरतात.

मधली बरी वर्षं सोडून देते, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मग समोर एक मोठं सेंटर उघडलं. लेझर, शॉकवेव्ह, डिकम्प्रेशन टेबल, सिटिंगचं पॅकेज, रिसेप्शनला स्क्रीन. तेवढं चालतं हो, धंदा आहे. पण "तिकडे नुसते फॉर्म भरून घेतात, मशीन लावतच नाहीत" असं पेशंटना सांगायला लागले तेव्हा डोकं फिरलं. आमचा पहिला अर्धा तास बोलण्यात जातो, त्याला हे "टाइमपास" म्हणणार! ज्या सर्जनकडून गुडघ्याच्या ऑपरेशनचे पेशंट यायचे त्यांच्या चिठ्ठ्या बंद झाल्या, आणि एक दिवस माझी पार्टनरही तिकडेच गेली, जाताना म्हणाली की लोकांना विचारलेलं नको असतं, मशीनचा आवाज हवा असतो. त्यानंतर काही महिने भाडं कसं भरलं ते मलाच माहिती, आयएफटी विकायला काढलं होतं.

त्या काळात टिकलो ते एका काकांमुळे. गुडघा बदललेला, आमच्याकडे आले तेव्हा फ्लेक्शन, म्हणजे गुडघा वाकणं, ११० डिग्री, टाके सुकलेले, आधीच्या फाइलवर "रिझल्ट उत्तम" लिहिलेलं. कागदावर त्यांनी पहिलं काय लिहिलं, तर "बसची पायरी एकट्याने चढणे" आणि मार्क दिले एक. आता ११० डिग्रीत बसची पायरी आरामात बसते, प्रश्न वाकण्याचा नव्हताच, क्वाड्रिसेप्समध्ये, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूत, जोर नव्हता आणि त्या पायावर विश्वास नव्हता. मग मशीन बाजूला ठेवून सुताराकडून वेगवेगळ्या उंचीचे लाकडी स्टेप करून घेतले, एकावर जमलं की पुढचा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हात बारवर, मग नुसतं बोट, मग काहीच नाही. दर आठवड्याला काका स्वतः मार्क द्यायचे. एका कामात तीन मार्कांचा फरक पडला तर सुधारणा खरी धरतात, काकांनी आठ दिले तेव्हा मीच म्हटलं, आता या बसने. आले. त्यानंतर किती जणांना हाताला धरून आणलंय त्यांनी, माझ्यापेक्षा जास्त मार्केटिंग केलंय.

नवीन क्लिनिक टाकणाऱ्यांना सांगते, विचारलं नसलं तरी. "तुमचा गोल काय", म्हणजे ध्येय काय, असं विचारू नका, पेशंट म्हणतो "दुखणं थांबू दे" आणि विषय संपतो. "दुखणं थांबलं तर उद्या सकाळी पहिलं काय कराल?" असं विचारा. सोबत आलेली मुलं उत्तर देतात, त्यांना बाहेर बसवा. स्ट्रोकमध्ये बोलणं गेलं असेल तर फोटो दाखवा, बोट दाखवता येतं. आणि गोल आवाक्याबाहेरचा वाटला तरी पेशंटसमोर खोडायचा नाही, वर तसाच ठेवायचा आणि त्याच्या वाटेवरचं पहिलं काम खाली लिहायचं. "नाही होणार" हे सांगायची वेळ आली तर आकडे त्याच्यासमोर ठेवून सांगा, लपवू नका.

समोरच्या सेंटरने आता म्हणे गोल सेटिंग सुरू केलंय. त्यांचा फॉर्म एका पेशंटच्या फाइलमध्ये पाहिला. गोल आधीच छापलेले, वेदना कमी करणे, हालचाल वाढवणे, ताकद वाढवणे, तिन्हींवर टिक आणि खाली माझ्या जुन्या पार्टनरची सही. पेशंटने लिहायला जागाच नाही. असो.

सध्या मोठी जागा बघतोय. एजंट सारखा तळमजला दाखवतो, पेशंटना सोयीचं म्हणून. तळमजला हवाच, पण आत एक जिना पाहिजे, आमचं अर्धं काम त्यावरच चालतं.