कामाच्या कपड्यांचा पर्यावरणीय हिशेब : आमची वाटचाल

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी सुरू केला आणि तेव्हापासून या गावाचे पोट कापडावर चालत आले. आमच्याही घरात आधी मागच होते. कारखान्यांतील कामगारांचे गणवेश शिवण्याचे काम आमच्या पिढीने हाती घेतले. सुरुवातीची बरीच वर्षे ग्राहकाची चौकशी दर काय आणि रंग टिकेल का, एवढ्यापुरतीच असे. पुढे सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून आघाडीच्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केला आणि त्यांच्या खरेदी विभागांकडून आमच्यासारख्या पुरवठादारांना तक्ते येऊ लागले : एका गणवेशामागे कार्बन किती, पाणी किती?

पुनर्वापरित पॉलिएस्टरचे प्रमाणपत्र जोडून या प्रश्नाची बोळवण करता येते. मात्र धागा कशापासून झाला आणि कोणाच्या हातून आला, मुख्यतः एवढेच ते प्रमाणपत्र सांगते. कपड्याचा एकूण भार किती, हे त्यातून कळत नाही. शिवाय वेल्डिंग किंवा ओतकामाच्या ठिकाणी पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते, त्यामुळे तिथे ड्रिल हे जाड, तिरप्या विणीचे सुती कापडच द्यावे लागते आणि या बाबतीत आम्ही तडजोड करत नाही.

जीवनचक्र मूल्यमापनाच्या, म्हणजे कच्च्या मालापासून वस्तू बाद होईपर्यंतचा पर्यावरणीय भार मोजण्याच्या, आयएसओ १४०४० आणि १४०४४ या मानकांमध्ये हिशेबाचे एकक आधी ठरवावे लागते, आणि ते वस्तूवर नव्हे, तर वस्तूने बजावलेल्या कामावर बेतलेले असते. म्हणून एका कामगाराला वर्षभर कामाचे कपडे पुरवणे, हे आमचे एकक ठरले. समजा, चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचे कापड सहा महिन्यांत विरले आणि २४० ग्रॅमचे वर्षभर टिकले, तर हलक्या कापडाचे दोन संच लागतात आणि वर्षाचा हिशेब चौरस मीटरला ३६० ग्रॅम विरुद्ध २४० ग्रॅम असा होतो. सुटा कपडा मोजला असता तर हलके कापडच सरस दिसले असते.

टिकण्याचा काळ अंदाजाने लिहायचा नव्हता, म्हणून आम्ही ग्राहकांकडून वापरून टाकलेले गणवेश परत मागवले आणि कटिंग मास्तरांसह टेबलावर पसरून पाहिले. यंत्रदुरुस्तीवाल्यांच्या पँटचे कापड धडधाकट होते, पण पाना-पकड अडकवून खिशाचे तोंड फाटले होते; ओतकामवाल्यांच्या मांड्यांवर ठिणग्यांची बारीक भोके होती; शर्टांची कॉलर घडीवर तुटली होती. कापडाचा मोठा भाग चांगला असताना कपडा बाद होत होता. तेव्हापासून खिशाच्या टोकांना बारटॅक (ताण येतो तिथे घातलेले दाट टाके), गुडघ्याला दुहेरी कापड आणि पँटच्या जोडावर जास्तीची पट्टी देतो. थोडा धागा आणि थोडे कापड वाढते, पण आमच्या मते पर्यावरणासाठी आम्ही केलेले सर्वांत मोलाचे काम हेच आहे.

धुलाईच्या बाबतीत परदेशी आकडे जसेच्या तसे इथे लावता येत नाहीत. युरोपात बहुधा गरम पाण्याचे यंत्र आणि वाळवणीचे यंत्र गृहीत धरले जाते. आपल्याकडे बहुतेक कामगारांचे कपडे घरी थंड पाण्यात धुऊन दोरीवर वाळतात. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ४ युनिट वीज लागते आणि आपल्या विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर ते जवळपास ३ किलो होते. कारखान्याची स्वतःची लाँड्री असेल, तर हा आकडा स्वतंत्र घ्यावाच लागतो.

कापसाच्या पाण्याचेही तसेच आहे. जगाची सरासरी किलोमागे सुमारे १०,००० लिटर सांगितली जाते, पण विदर्भातला बहुतांश कापूस कोरडवाहू असल्याने त्यात पावसाचे पाणी किती आणि उपशाचे किती, हे वेगळे दाखवल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

रंगाईचा प्रश्न मात्र आमच्या दाराशी आहे, कारण पंचगंगा आमची नदी आहे. सुती कापडाच्या धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रिअॅक्टिव्ह रंगांना भरपूर मीठ लागते आणि विरघळलेले मीठ नेहमीच्या सांडपाणी प्रक्रियेत निघत नाही. म्हणून प्रोसेस हाऊसकडून, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याकडून, आम्ही दर किलो कापडामागे पाणी, वाफ आणि मीठ यांची प्रत्यक्ष नोंद मागतो. आमच्या तक्त्यात प्रत्येक आकड्यापुढे ‘मोजलेला’ की ‘गृहीत’ हे लिहिलेले असते.

सध्या काम चालू आहे ते बाद कपड्यांवर. कंपनीचे बोधचिन्ह असलेला गणवेश गैरवापराच्या भीतीने नष्ट केला जातो आणि चांगले कापडही त्याबरोबर जाते. आता आम्ही बोधचिन्ह वेगळ्या तुकड्यावर भरून साखळी टाक्याने जोडतो, म्हणजे एका टोकाचा धागा ओढला की तुकडा सुटतो आणि उरलेले कापड पुसण्याच्या फडक्यांना किंवा पानिपतच्या धागा-कारखान्यांना देता येते. काही ग्राहकांच्या सुरक्षा विभागांनी ही पद्धत मान्य केली आहे. इतरांशी बोलणी सुरू आहेत.