सातेरी पेटी, ऑगस्ट: तळफळीवरचा काळा भुगा

माझ्या पहिल्या सातेरी (देशी मधमाशी) वसाहतीचा हा तिसरा महिना. पावसात माश्यांची ये-जा कमी होणार हे माहीत होतं, पण तळफळीवर, म्हणजे पेटीच्या तळाच्या फळीवर, रोज चमचाभर काळपट भुगा दिसायला लागला आणि माझी झोप उडाली. रोग असेल या भीतीने दर दोन दिवसांनी पेटी उघडत होतो.

शनिवारी वाईत गणपती घाटाजवळच्या छोट्या किराणा दुकानात माश्यांना पाक खाऊ घालायला पाच किलो साखर घेत होतो. मागून आवाज आला, "पाक करताय का, पेटीसाठी?" वळून पाहिलं तर साठीचे एक गृहस्थ, हातातली छत्री निथळत होती. घरामागे बारा वर्षांपासून चार पेट्या आहेत म्हणाले, हौस म्हणून. माझ्या खिशात भुग्याची पुडी होतीच. काकांनी ती काउंटरवरच उघडली, चिमूट बोटांत चोळली, हुंगली.

"मेण आहे हो हे. जुनं काळं पोळं सातेरी स्वतःच कुरतडते आणि खाली टाकते. सवयच आहे तिची." मग काडीने भुग्यातून एक पांढुरकी अळी बाजूला काढली. "पण हा मेणकिडा. भुगा साचला की तो त्यातच वाढतो आणि मग वर पोळ्यात शिरतो."

पोळं धरणाऱ्या किती चौकटींवर माश्या आहेत, त्यांनी विचारलं. आठपैकी चार, मी म्हणालो.

"मग बाकीच्या चार कुणाच्या भरवशावर ठेवल्यात?"

हे मला आधी सुचायला हवं होतं. माश्या जेवढं पोळं झाकतील तेवढंच त्या राखू शकतात. रिकाम्या पोळ्यात मेणकिड्याला मोकळं रान मिळतं. पेटी वारंवार उघडण्यावरून तर त्यांनी चांगलंच सुनावलं. सातेरीला सारखं छेडलं की ती घर सोडून जाते, मेलिफेरा या विदेशी मधमाशीएवढं सोसत नाही. पाक दिवेलागणीनंतरच ठेवायचा, बाहेर थेंब सांडू द्यायचा नाही, नाहीतर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. निघताना म्हणाले, एकदा मांघरला जाऊन या. महाबळेश्वरजवळचं हे गाव 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथले मधपाळ बघूनच खूप शिकता येतं. मी दिवाळीत जाणार आहे.

त्याच संध्याकाळी, पाऊस उघडल्यावर, चार रिकाम्या चौकटी काढल्या, उरलेली जागा बंद करायला आड फळी लावली आणि तळफळी खरवडून पुसली. साखर-पाणी समभाग घेऊन पाक ठेवला. त्यानंतर नऊ दिवस पेटीला हात लावला नाही, फक्त दाराशी बसून पाहिलं. फार अवघड गेलं ते.

काल उघडली. तळफळीवर भुगा चिमूटभर, अळी एकही नाही. तिसऱ्या चौकटीच्या खालच्या काठाला दोन बोटं रुंद, पांढरंशुभ्र नवं पोळं लोंबत होतं, आणि उजेडात धरल्यावर त्याच्या घरांत तळाशी उभी अंडी दिसली, तांदळाच्या कणीहूनही बारीक. राणी दिसली नाही, शोधलीही नाही; अंडी होती म्हणजे ती होतीच. दाराशी पिवळा पराग घेऊन दोन माश्या आत शिरल्या, तेवढ्यात झाकण लावलं.