आशिया लिही

मागच्या पावसाळ्यात आप्पांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. दाखल होताना सिस्टरांनी एक चार पानी फॉर्म माझ्या हातात दिला. दात खरे की कवळी, ऐकू नीट येतं का, अशा रांगेत मध्येच एक ओळ होती : 'कॉन्टिनेंट, हो की नाही'. मी अडखळले. आप्पांना विचारलं, तर कॉटवर पाय हलवत ते सहज म्हणाले, "आशिया लिही."

सिस्टर इतक्या हसल्या की शेजारच्या कॉटवरचे आजोबा उठून बसले. मग आवाज खाली आणत त्या म्हणाल्या, "लघवीवर ताबा आहे ना, ते विचारलंय." आप्पांना ही चौकशी काही आवडली नाही. "आहे," ते म्हणाले, "आणि आशियातच आहे."

रात्री त्यांच्या उशाशी बसल्या बसल्या मोबाईलवर शब्दकोश उघडला. दोन्ही अर्थ एकाच घरचे निघाले. लॅटिनमध्ये 'तेनेरे' म्हणजे धरणं. त्याला 'कॉन' लागला की एकत्र धरून ठेवणं. 'तेर्रा कॉन्तिनेन्स' म्हणजे मध्ये न तुटता पसरलेली सलग जमीन. जमिनीने स्वतःला धरून ठेवलं की ती कॉन्टिनेंट, माणसाने धरून ठेवलं की तो संयमी. तरुणपणी आपण देवाकडे काय मागत होतो, ते संत ऑगस्टीनने प्रांजळपणे लिहून ठेवलंय : मला ब्रह्मचर्य दे, संयम दे, पण इतक्यात नको. त्या संयमाला त्याचा शब्द 'कॉन्तिनेन्तिया'. तोच शब्द उतरत उतरत आता मोठ्यांच्या डायपरच्या पाकिटावर येऊन बसलाय.

इंग्रजांचं आणखी वेगळं. त्यांच्या लेखी समुद्रापलीकडचा युरोप तेवढा 'द कॉन्टिनेंट', स्वतःचं बेट त्यात धरत नाहीत. खाडीत धुकं दाटलं की 'कॉन्टिनेंटचा संपर्क तुटला' म्हणायचं, ही त्यांनी स्वतःचीच केलेली जुनी थट्टा. आपल्या हॉटेलांत मात्र व्हाइट सॉसमध्ये फ्लॉवर-गाजर बुडवलं की झालं कॉन्टिनेंटल.

आणि आपला शब्द? खंड! म्हणजे तुकडा. पारायणात खंड पडतो, पावसाने खंड दिला की दुबार पेरणीच्या धास्तीने झोप उडते. पूजेच्या संकल्पात गुरुजी जंबुद्वीपे भरतखंडे म्हणतात, तेव्हा आपण एका मोठ्या द्वीपाच्या तुकड्यावर पाट मांडून बसलेले असतो. ज्या जमिनीला लॅटिन सलग म्हणते, तिलाच आपण तुटलेली म्हणतो.

शाळेचा भूगोल आठवला आणि वाटलं, खरी गोष्ट आपल्याच शब्दात आहे. १९१२च्या जानेवारीत आल्फ्रेड वेगेनर हा जर्मन शास्त्रज्ञ फ्रँकफुर्टमध्ये उभा राहून सांगत होता की ही सगळी खंडं कधीकाळी एकत्र होती, मग दूर सरकत गेली. बहुतेक भूवैज्ञानिकांनी ते पुढची कित्येक वर्षं मनावर घेतलं नाही. त्याच वर्षी दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉटची तुकडी बर्फात संपली. त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड सापडले. जीव जात असतानाही त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या नामशेष झाडाच्या पानांचे ठसे होते. तीच पानं भारतात, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण अमेरिकेतही उमटलेली आहेत. बी काही एवढे समुद्र पोहून गेलं नसणार.

ही पानं जिथे जिथे सापडतात, त्या तुकड्यांच्या जुन्या अखंड भूमीचं नाव गोंडवाना. एदुआर्द झ्यूस या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकाने १८८५मध्ये ते रूढ केलं, आणि आलं कुठून, तर आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून. चंद्रपूरचा कोळसा त्याच गोंडवाना खडकांतला. अंटार्क्टिकाचं माहेरचं नाव गोंडांकडून आलेलं आहे, हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर भूगोलात चार गुण जास्त पडले असते.

झोप येईना म्हणून आणखी चाळत बसले. त्याच 'तेनेरे'पासून इंग्रजीतला टेनंट आला, म्हणजे दुसऱ्याची जमीन धरून असलेला. आपल्याकडे अशी जमीन कसायला घेतली की मालकाला जे द्यायचं, त्याला काय म्हणतात? खंड. व्युत्पत्तीचा तसा काही संबंध नाही, पण मला इतका आनंद झाला की आप्पांना हलवून जागं केलं आणि सगळं ऐकवलं. त्यांनी अर्धं झोपेत ऐकलं, "बरं" म्हणाले आणि कूस वळली.

ऑपरेशन दुपारी झालं. संध्याकाळी सिस्टर तपासायला आल्या. "आजोबा, लघवी झाली का?"

"झाली," आप्पा माझ्याकडे बघत म्हणाले. "सलग."