आमची वाटचाल : रस्त्याच्या अलीकडचं चायनीज

लालबागला आमच्या गल्लीत कोणालाही चायनीज कुठे मिळतं विचारलं तर जुनी माणसं अजून उलट विचारतात, अलीकडचं की पलीकडचं? पलीकडचं बंद होऊन किती वर्षं झाली, तिथे आता मोबाईलची कव्हरं विकणारा बसतो, तरी हा प्रश्न काही जात नाही. आणि काही जण तर आम्हाला तोंडावर सांगतात की तुम्ही समोरच्याचं बघून चालू केलंत ना. म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. अलीकडचं आधी. आम्ही गाडी लावली २००१ ला, तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. समोरच्याने शटर उघडलं २००५ च्या नोव्हेंबरात. चार वर्षं आम्ही आधी.

वडील गिरणीत होते. ८२ चा संप झाला तेव्हा मी सहा वर्षांचा, त्यानंतर घरात काय झालं ते गिरणगावातल्या लोकांना सांगायची गरज नाही. दहावीनंतर मी फोर्टातल्या एका चायनीज हॉटेलात कटिंगला लागलो. सहा वर्षं फक्त कोबी, गाजर, फरसबी, सिमला. तिथे भट्टीवर सेकंडला, म्हणजे मुख्य कारीगराच्या हाताखाली, एक नेपाळी कारीगर होता, दार्जिलिंगकडचा, सगळे त्याला दाजू म्हणायचे. त्याचा हात बघत बघत माझं डोकं फिरलं की आपलंही असंच काहीतरी पाहिजे. माझे बावीस हजार, दाजूचे पंधरा, कागदबिगद काही नाही, निम्मं निम्मं. दाजूची अट एकच, बाकी काहीही स्वस्तातलं घे पण भट्टी आणि कढई माझ्या पसंतीची.

आणि ते बरोबरच होतं. चायनीजच्या भट्टीला हाय प्रेशर बर्नर लागतो, रेग्युलेटरही त्याचाच वेगळा, आणि ज्योत निळीच पाहिजे, पिवळी दिसली की जेटमध्ये, म्हणजे गॅसच्या बारीक भोकात, कचरा अडकलाय समजायचं आणि बारीक तारेने काढायचा, पीन घालून भोक मोठं करायचं नाही. कढया दोन घेतल्या तांबाकाट्याच्या भांडीबाजारातून, लोखंडी, पातळ पत्र्याच्या, दीड फुटी. जाड कढई घेतात नवीन लोक आणि मग मनगट धरून बसतात. नवी कढई तशीच वापरत नाहीत, आधी खडेमिठाने घासायची, मग रिकामी भट्टीवर ठेवून निळीकाळी होईपर्यंत तापवायची, तेल पाजायचं, पातीचा कांदा परतून तो फेकून द्यायचा, परत तेल, परत तापवायची. दाजूने दोन दिवस हे केलं. त्यानंतर त्या कढईला साबण कधीच नाही, गरम पाणी आणि बांबूचा कुंचा, आणि धुतली की लगेच भट्टीवर कोरडी करायची. आमची कढई आज चोवीस वर्षांची आहे आणि आतून काळ्या आरशासारखी आहे, कोणीही येऊन बघावी.

भाताचंही तेच. सकाळी अकराला भात लावायचा, तांदूळ दुबार बासमती घ्यायचा आणि जुना घ्यायचा, शिताला कणी राहिली पाहिजे, मग चाळणीत उपसून परातीत पंख्याखाली पसरायचा. गरम भात कढईत टाकला की खिचडी होते. हे न कळणारे लोक हॉटेल काढतात आणि मग सांगतात गिऱ्हाईक नाही.

गाडीवर हाफ व्हेज फ्राईड राईस पंधरा रुपये, फुल पंचवीस. २००३ ला गल्लीतच एकशे चाळीस फुटांचा गाळा मिळाला, चार टेबलं लागली. ते दिवस चांगले होते, फार काही सांगण्यासारखं नाही.

आता २००६. समोरच्याने उघडून तीनच महिने झालेले आणि त्याच्या बोर्डावर लाल अक्षरात 'जुने व प्रसिद्ध'. मी स्वतः जाऊन विचारलं की दादा हे काय, तर म्हणाला पेंटरने घातलं. रेट आमच्यापेक्षा तीन रुपये कमी, मेन्यू कार्ड तर आमचंच, आमच्या कार्डात 'मंचुरीयान' अशी छपाईची चूक होती ती पण तशीच्या तशी त्याच्या कार्डात. तेही सोडून दिलं असतं. पण संक्रांतीला दाजूने माझ्या घरी येऊन तिळगूळ घेतला, आईच्या पाया पडला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरच्या भट्टीवर उभा. महिन्याला नऊ हजार पगार आणि राहायला खोली. आमच्याकडे भागीदारीत त्याच्या हातात पाच-सहा हजार यायचे, कधी चार. गावी मुलीचं लग्न होतं हे मला नंतर कळलं, मला सांगितलं असतं तर काहीतरी केलं असतं. जाताना दोनातली एक कढई घेऊन गेला. हिशेबाने बरोबरच होतं, निम्मं निम्मं ठरलेलं. पण त्या रात्री भट्टीवर एकच कढई बघितली तेव्हा जे वाटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

मी भट्टीवर उभा राहिलो. सहा वर्षं कटिंग आणि चार वर्षं गल्ला, कढई हातात धरायची वेळच आली नव्हती. पहिल्या दिवशी नूडल्स बुडाला लागल्या, दुसऱ्या दिवशी डावा हात कोपरापर्यंत भाजला, गिऱ्हाईक प्लेट अर्धी टाकून उठायचं आणि मला दिसायचं की तेच गिऱ्हाईक रस्ता ओलांडून जातंय. आणि तेवढ्यात फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला.

नंदुरबारमधलं नवापूर, देशातली पहिली केस तिथली. टीव्हीवर दिवसभर पांढरे सूट घातलेली माणसं कोंबड्या पुरताना दाखवायचे. दोन दिवसांत मुंबईत चिकन कोणी फुकटही घेईना, अंडीसुद्धा नाही. आमच्या वीस आयटममधले बारा चिकन-अंड्याचे, आणि जे व्हेज खाणारे होते ते म्हणायचे कढई एकच ना तुमची. ते बरोबरच बोलत होते, कढई एकच उरली होती. गल्ल्यात एका शनिवारी दोनशे दहा रुपये. शनिवारी! वरून समोरच्याने पसरवलं की आमच्याकडचं चिकन स्वस्तातलं, आजारी कोंबड्यांचं. चिकन तो आणि मी एकाच माणसाकडून घ्यायचो. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

आता सिस्टरांचं सांगतो. जवळच्या हॉस्पिटलात नर्स होत्या, गाडीच्या पहिल्या आठवड्यापासूनचं गिऱ्हाईक, नाईट ड्युटीला जाताना साडेआठला हाफ व्हेज हाक्का, तिखट कमी, पार्सल. कधी बसून खाल्लं नाही. त्या आठवड्यात एक दिवस आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, चिकन मंचाव आहे?" मी म्हटलं सिस्टर चिकन कोणी खात नाही आता. तर म्हणाल्या, "उकळी आणतोस ना नीट? सत्तर डिग्रीच्या वर गेलं की त्या व्हायरसचं काही उरत नाही. स्टूल बाहेर टाक." आणि युनिफॉर्मवर, बाहेर रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा बसून अख्खा बाऊल सूप प्यायल्या, वरच्या तळलेल्या नूडल्सही बोटाने उचलून खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी सोबत वॉर्डमधल्या दोघी. गल्लीतले लोक बघत होते, हॉस्पिटलवाल्याच खातायत म्हटल्यावर एकेक जण यायला लागला. पैसे मी नको म्हटलं तर रागावल्या. बारा रुपये सूपचे, मोजून दिले.

पण नुसतं चिकन परत सुरू होऊन भागणार नव्हतं, चव दाजूबरोबर गेली होती. शेजवान चटणी तो करायचा आणि प्रमाण कधी सांगितलं नाही. मी लालबागच्याच मिरची गल्लीतून बेडगी आणून भिजवून वाटायचो, लसूण, आलं, व्हिनेगर, सगळं तेच, तरी फक्त तिखट लागायचं. आईने एक दिवस चाखली आणि म्हणाली, "ह्यात तिरफळ का घालीत नाहीस?" आम्ही कोकणातले, बांगड्याच्या कालवणात तिरफळ असतंच. मला वाटलं आई काहीतरीच सांगते. पण दुसरं काही सुचतही नव्हतं म्हणून बिया काढून नुसती सालं जाडसर कुटली आणि गरम तेलात घालून बघितली. जिभेला अशी बारीक झिणझिणी आली! गिऱ्हाइकांना कळेना हे काय आहे पण प्लेट पुसून जायला लागले. पुढे मुलगी हॉटेल मॅनेजमेंटला गेली तेव्हा तिने सांगितलं की चीनच्या सिचुआन प्रांतात, ज्याच्यावरून हे शेजवान नाव आलं, तिथे जी मिरी वापरतात ती आणि आपलं तिरफळ एकाच कुळातले. म्हणजे अख्ख्या मुंबईतल्या शेजवानात जे घालत नाहीत ते आमच्या आईने घातलं. समोरच्याने खूप प्रयत्न केला, आमचं पार्सल मागवून चाखायचा, मिरी घालून बघितली, लवंग घालून बघितली. त्याला जमलं नाही. मग त्याने लाल रंग वाढवला. आमच्याकडे रंग तेव्हाही नव्हता आणि आजही नाही, बेडगी चांगली असेल तर रंगाची गरजच नाही.

२००७ पासून पुढे नीट चाललं. समोरचं २०१२ ला बंद झालं, दाजू त्याआधीच गावी गेला होता. शटर उतरलं त्या दिवशी मी कढई विचारायला गेलो, तर सकाळीच भंगारवाला सगळं घेऊन गेला म्हणे.

लॉकडाऊनमध्ये सगळ्यांचं झालं तेच आमचं, ५ ऑक्टोबर २०२० ला अर्ध्या खुर्च्यांवर परत उघडायला मिळालं तेव्हा चार टेबलांची दोन झाली होती. मग ऑनलाइनवाले आले. त्यांचं कमिशन कापून हातात काय उरतं ते धंदेवाल्यांना माहीत आहे, त्यावर जास्त लिहीत नाही, पण शंभर रुपयांची प्लेट दोनशेला दाखवून वर पन्नास टक्के सूट द्यायची हा धंदा मला जमत नाही आणि मी तो केला नाही.

नवीन मुलं विचारायला येतात म्हणून सांगतो. कारीगराच्या भरवशावर चायनीज काढू नका, आधी सहा महिने स्वतः कढई मारा. घरगुती लाल टाकी लावू नका, कमर्शियल १९ किलोची घ्या आणि घेताना वजन करूनच घ्या. तेल रात्री काळं झालं की ते दुसऱ्या दिवशीच्या मंचुरियनला नाही. अजिनोमोटो चिमूटभर, सोयामध्ये आधीच मीठ असतं हे लक्षात ठेवून. पार्सलच्या डब्याच्या झाकणाला भोक पाडा, नाहीतर वाफेने नूडल्स लगदा होतात. आणि खाणाऱ्यांनाही सांगतो, क्रिस्पी काही पार्सल मागवू नका, ते तिथेच बसून खायचं असतं. कुठल्याही नवीन ठिकाणी गेलात तर मेन्यू नंतर बघा, आधी भात उघडा ठेवलाय की झाकून ते बघा.

आता कोणी शिकलेला माणूस येतो आणि सांगतो की हे खरं चायनीज नाही. नसेल. चिकन मंचुरियन १९७५ ला इथे चर्चगेटला क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी बनवलं, कोलकात्याहून आलेला माणूस, आलं-लसूण-हिरव्या मिरचीत चिकन परतून गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लॉवर. पुढे त्यांनी चायना गार्डन काढलं. म्हणजे मंचुरियन मुंबईचंच. मग आम्ही काय खोटं विकतोय? गणपतीत राजाच्या रांगेत रात्रभर उभी राहिलेली माणसं पहाटे तीनला आमच्याकडे येऊन मंचाव पितात, त्या दहा दिवसांत आम्ही चारच आयटम ठेवतो आणि भट्टी बंद होत नाही. श्रावणात अर्धा धंदा बसतो तो इथेच भरून निघतो.

मुलगी आता दुपारी गल्ल्यावर असते. तिला डिमसम ठेवायचे आहेत. मी पहिल्यांदा नाही म्हटलं, वाफेच्या पदार्थाला भट्टीचं काय काम, आणि एकशे चाळीस फुटात ठेवणार कुठे. पण ती दोन महिने घरी चुण्या घालून बघतेय, पहिल्या फुटायच्या, आता फुटत नाहीत, आणि सोबत तिरफळाची चटणी देणार म्हणते. तांबाकाट्याला तीन मजली स्टीमर सांगून ठेवलाय, पाचशे ॲडव्हान्स दिलाय, शुक्रवारी येईल. सिस्टर रिटायर होऊन बदलापूरला असतात, शनिवारी त्यांचं परळला चेकअप आहे. दुपारी दीडपर्यंत येतात त्या. पोरीला सांगितलंय, चिकनचे दहा पीस वेगळे काढून ठेव, तिखट कमी.