आईचा क्लेम, पोर्टिंग आणि एक ओटीपी

सरकारी विमा कंपनीवर आमच्या घरात सगळ्यात जास्त तोंडसुख घेणारा मीच. आईची मेडिक्लेम पॉलिसी २०११ पासून त्यांच्याकडे होती. दरवर्षी नूतनीकरणाला एजंटच्या मागे लागायचं, कार्ड महिनाभराने यायचं. २०२१ मध्ये वैतागून ती एका खासगी कंपनीकडे पोर्ट केली, म्हणजे जुनी वर्षं न गमावता तिकडे हलवली. घरबसल्या काम झालं. फॉर्म फोनवरच्या मुलीनं भरला, मी फक्त ओटीपी सांगितला.

ऑगस्ट २०२४ मध्ये आईची अँजिओप्लास्टी झाली. बिल २ लाख ८४ हजार. कॅशलेस, म्हणजे कंपनीनं थेट हॉस्पिटलला पैसे देणं, नाकारलं, तेव्हा वाटलं एखादा कागद कमी असेल. पैसे भरून तिला घरी आणलं आणि नंतर क्लेम टाकला. सतराव्या दिवशी पत्र आलं. डिस्चार्ज कार्डावर 'हायपरटेन्शन, १० वर्षे' असं लिहिलंय, पोर्ट करताना भरलेल्या प्रपोजल फॉर्मवर बीपीपुढे 'नाही' आहे, सबब माहिती दडवली, क्लेम नामंजूर.

फॉर्म मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.

कंपनीच्या चॅटवर दोन मिनिटांत उत्तर यायचं, पण दर वेळी तेच: गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. शेवटी विमा क्षेत्रातून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांकडे गेलो. माझं चार पानी पत्र त्यांनी बाजूला ठेवलं. "रडगाणं नको. पॉलिसी सलग किती वर्षं चालू आहे, तेवढंच लिही." मग नियम समजावला: सलग ६० महिने विमा चालू असेल, तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती दडवल्याचं कारण देऊन क्लेम नाकारता येत नाही. ही मुदत आधी आठ वर्षं होती, २०२४ मध्ये पाच झाली. आणि पोर्ट केलेल्या पॉलिसीची जुनी वर्षंही त्यात धरतात, जुन्या विमा रकमेपुरती. आमची जुनी रक्कम ३ लाख होती, म्हणजे बिल त्यात बसत होतं.

पण नव्या कंपनीच्या कागदावर 'प्रथम पॉलिसी २०२१' असं छापलेलं. जुना पुरावा कुठून आणायचा? ज्या ऑफिसला नावं ठेवली, तिथूनच. पहिल्या खेपेला साहेब रजेवर, दुसऱ्या खेपेला सर्व्हर बंद. तिसऱ्या दिवशी एका मॅडमनी कॉम्प्युटर बघितला, त्यात २०१६ पासूनचंच होतं. त्या उठून रेकॉर्ड रूममध्ये गेल्या आणि वीसेक मिनिटांनी सुतळीनं बांधलेला गठ्ठा घेऊन आल्या. पदराला धूळ लागली होती. सलग विम्याचं पत्र टाइप केलं. शिक्क्याचं पॅड सुकलेलं, म्हणून शिक्क्यावर फुंकर मारून तो दाबून उमटवला. "पोर्ट करताना झेरॉक्स ठेवायच्या असतात हो," एवढंच बोलल्या. मी मान खाली घातली.

मग खासगी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र, महिनाभर वाट, पुन्हा नकार. तो हातात आल्यावर विमा लोकपालांकडे, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनीच्या भांडणात निवाडा देणाऱ्या पंचांकडे, अर्ज केला. फी नाही, वकील चालत नाही, नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं, ५० लाखांपर्यंतचे दावे घेतात. कंपनी सरकारी असो की खासगी, दार हेच.

सुनावणी व्हिडिओवर, जेमतेम अकरा मिनिटं. कंपनीच्या डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्ड वाचून दाखवलं. लोकपालांनी विचारलं, "पोर्ट करून घेताना जुन्या कंपनीकडून रेकॉर्ड मागवलं होतं?" पलीकडे माइक बंदच राहिला. निकाल आमच्या बाजूने लागला. हातमोजे, सिरिंज वगैरेचे नऊ हजार कापून बाकी रक्कम जमा झाली.

आता नातेवाईक विचारतात, सरकारी घ्यावी की खासगी? १९७३ मध्ये १०७ सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. तेव्हा कंटाळलेल्या माणसाला जायला दुसरी जागाच नव्हती. ते दिवस मला परत नकोत. पण नियम आणि पंच सरकारचे नसते, तर त्या डॉक्टरांचं वाचन हाच शेवटचा शब्द ठरला असता. विमा कोणीही विकावा, क्लेमच्या भांडणात निकाल देणारा मात्र विकणाऱ्याचा माणूस नसावा, एवढंच माझं मत.

परत सरकारीत जावं का, असं काकांना विचारलं. ते हसले. "अर्ज कर की. पण घ्यायचं की नाही ते जिच्याकडे जायचं ती कंपनी ठरवते, आणि आता आईला स्टेंट आहे." तेव्हा आई आहे तिथंच आहे. बीपीची नोंद दुरुस्त करायला मी मेल टाकला. पोच आली, तिची प्रिंट काढून त्या शिक्क्याच्या पत्रामागे टाचून ठेवली.