घंटागाडी आणि रस्तेझाडणीचा ठेका: मोजणीपासून शेवटच्या बिलापर्यंत, माझा अनुभव

नगरपरिषदेने घंटागाडी आणि रस्तेझाडणीचे काम ठेक्याने द्यायचे ठरवले की सगळ्यांचे लक्ष निविदा उघडण्याच्या दिवसाकडे लागते. आरोग्य विभागात बसून हे काम अंदाजपत्रकापासून बिलापर्यंत हाताळल्यावर माझे मत पक्के झाले आहे: शहर स्वच्छ राहणार की नाही, हे त्याच्या बरेच आधी, रस्त्यांच्या मोजणीत आणि मजुरीच्या हिशेबात ठरते. तिथला आकडा खोटा असेल तर पुढे जीपीएस, दंड, नोटिसा यांनी काही सावरत नाही. ठेकेदार तोटा कामगाराच्या पगारातून भरून काढतो आणि कामगार तो न झाडलेल्या गल्लीतून.

चालू ठेका संपायच्या किमान आठ महिने आधी कागद हलवावा. सभेचा ठराव, प्रशासकीय मंजुरी, तांत्रिक मान्यता, महाटेंडर या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर प्रसिद्धी, निविदापूर्व बैठक, शुद्धिपत्रक, तांत्रिक आणि दराचा अशा दोन लिफाफ्यांची छाननी, कार्यादेश हा क्रम टळत नाही. पहिल्या वेळी तीनपेक्षा कमी निविदा आल्या तर मुदत वाढवावी लागते. मध्येच आचारसंहिता लागली तर सगळे थांबते. मग जुन्या ठेकेदाराला मुदतवाढ द्यावी लागते, आणि मुदतवाढीचा काळ सर्वांत वाईट: ठेकेदार गाड्यांवर पैसा घालत नाही, सोडून गेलेल्या माणसांच्या जागा भरत नाही आणि दंड लावला तर काम सोडतो म्हणतो.

मोजणीचे काम कार्यालयात बसून होत नाही. बांधकाम विभागाच्या रस्ते नोंदवहीत नव्या ले-आउटचे रस्ते नसतात आणि बोळ तर कधीच नसतात. मुकादमाला बरोबर घेऊन प्रत्येक प्रभाग मोजणीच्या चाकाने चालून काढावा. रस्ता एकदा मोजला की झाडायच्या बाजू दोन, हे निविदेत स्पष्ट लिहावे. नाहीतर ‘लांबी’ म्हणजे एक बाजू की दोन, यावर पहिल्याच बिलाला वाद होतो.

मग रस्त्यांचे तीन गट करावेत. केंद्राच्या घनकचरा नियमपुस्तिकेतला जुना निकष अजून उपयोगी आहे: दाट वस्ती आणि बाजारपेठेत एका माणसामागे दिवसाला 250 ते 350 मीटर, मध्यम वस्तीत 400 ते 600, विरळ वस्तीत 650 ते 750. साधारण 60,000 वस्तीच्या गावाचे उदाहरण घेऊ. बाजारपेठ व मुख्य रस्ते 8.4 किलोमीटर, रोज झाडायचे, 350 मीटरने 24 माणसे. मध्यम वस्तीचे 24 किलोमीटर, 500 मीटरने 48, पण दिवसाआड, म्हणून 24. उरलेले 60 किलोमीटर, 750 मीटरने 80, सहा दिवसांत दोनदा, म्हणून 27. एकूण 75. हे न करता सगळी लांबी सरसकट 500 मीटरने भागली तर 185 माणसे निघतात. तो आकडा पाहून लेखा विभाग घाबरतो आणि ‘60 मध्ये बसवा’ असा शेरा येतो. त्या 60 ला काहीच आधार नसतो आणि ठेकेदाराला ते माहीत असते.

घंटागाडीचा हिशेब घरांवरून करावा. लहान गाडीच्या हौद्यात न दाबता 600 ते 650 किलो कचरा बसतो. घरामागे दीड किलो धरला तर एका फेरीत सुमारे 400 घरे होतात. एका घराला 20 सेकंद धरले तरी सव्वादोन तास जातात. कचरा डेपोला जाणे, वजनकाट्यावर थांबणे, रिकामी करून परत येणे धरून एका पाळीत दोन फेऱ्या होतात, तिसरी फक्त कागदावर होते. म्हणजे एका गाडीला 800 घरे. 13,300 घरांना 17 गाड्या लागतील, आणि किमान दोन राखीव. राखीव गाडी नसली की क्लचप्लेट गेलेल्या गाडीचा प्रभाग तीन दिवस कोरा राहतो. भाजीबाजार, मटणमार्केट, मंगल कार्यालये आणि हॉटेले यांच्यासाठी वेगळी गाडी, शक्यतो रात्रीची. तो कचरा सकाळच्या गाडीत टाकला तर ती पहिल्या शंभर घरांतच भरते. रोज 100 किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांची यादी आधीच काढून ठेवावी, त्यांची जबाबदारी 2016 च्या घनकचरा नियमांनीच वेगळी केली होती.

आता मजुरी. याच जागी बहुतेक निविदा बुडतात, म्हणून सविस्तर लिहितो. किमान वेतन आणि विशेष भत्ता (महागाईनुसार बदलणारा) मिळून 100 रुपये धरा. त्यावर पीएफ (भविष्यनिर्वाह निधी) प्रशासकीय खर्चासह 13, ईएसआय (कामगार राज्य विमा) 3.25, घरभाडे भत्ता 5, बोनस 8.33, उपदान (ग्रॅच्युइटी) 4.81. झाले 134.39. पीएफची 15,000 ची आणि ईएसआयची 21,000 ची वेतनमर्यादा पाहून यात थोडा फरक पडेल. पण बाजारपेठेत काम आठवड्याचे सातही दिवस आणि माणूस सहा दिवस, म्हणून दर सहा जागांमागे एक बदली हवा. बाजारपेठेतल्या 24 जागांना प्रत्यक्षात 28 माणसे लागतात. त्या जागांचा खर्च 134.39 ला सात-सहांशाने गुणून सुमारे 157 होतो. यात खराटे, घमेली, ढकलगाड्या, गमबूट, हातमोजे, रेनकोट, पर्यवेक्षक आणि ठेकेदाराचा नफा अजून आलेलाच नाही. ज्या अंदाजपत्रकात 100 वर 20 टक्के टाकून विषय संपवला आहे, तिथे सहा महिन्यांत कामबंद होणारच, असे मी निर्धास्तपणे सांगतो.

विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. वाढीव रक्कम कामगाराला दिल्याचा पुरावा दाखवल्यावर परिषद ती भरून देईल, असे कलम घालावे. डिझेलसाठीही फरकाचे सूत्र द्यावे. ‘तीन वर्षे दर स्थिर’ ऐकायला बरे वाटते, पण दुसऱ्या वर्षी त्याची किंमत कामगार देतात. वैधानिक देण्यांपेक्षा कमी दर भरणारी निविदा बाद होईल, हेही आधीच लिहावे. लिफाफा उघडल्यावर हा निकष लावता येत नाही.

पैसे कशावर द्यायचे, हा पुढचा प्रश्न. फक्त टनावर दिले तर गाडीत राडारोडा, गटारातला गाळ आणि माती येते, आणि पावसाळ्यात ओल्या कचऱ्याचे वजन तसेही वाढते. फक्त घरांवर दिले तर घराघरावर लावलेल्या क्यूआर कोडची गंमत सुरू होते: सगळे कोड छापलेला कागद गाडीतच ठेवून एका जागी बसून स्कॅन करतात. ओळीने पन्नास घरे दोन मिनिटांत झाली असतील तर नोंदी तपासायलाच हव्यात. माझ्या मते झाडणीला प्रभागनिहाय मासिक दर आणि संकलनाला घरनिहाय दर ठेवावा, वजन केवळ पडताळणीसाठी. ओला-सुका वेगळा आल्याशिवाय त्या फेरीचे पूर्ण पैसे देऊ नयेत. काट्यावर गाडी भरलेली आणि रिकामी, दोन्ही वेळा तोलावी. नोंदवलेले जुने रिकामे वजन वापरले तर फरक ठेकेदाराच्या खिशात जातो.

जीएसटीबद्दल निविदेत एक वाक्य हवेच. स्थानिक प्राधिकरणाला घनकचऱ्याची निव्वळ सेवा दिली तर ती करमुक्त आहे, आणि सेवेबरोबर दिलेल्या वस्तूंचे मूल्य एकूण मूल्याच्या 25 टक्क्यांपर्यंत असेल तरीही. हे लिहिले नाही तर एक जण 18 टक्के धरून दर भरतो, दुसरा न धरता, आणि तुलनाच होत नाही.

परिषदेचे कायम सफाई कामगार आणि ठेक्याचे कामगार एकाच बीटवर (नेमून दिलेल्या झाडणीच्या पट्ट्यावर) कधीही ठेवू नयेत. प्रभाग वेगळे करून द्यावेत. एकत्र ठेवले की हजेरी कोणाची आणि जबाबदारी कोणाची, हे कळत नाही. शिवाय आमचाच मुकादम रोज ठेक्याच्या माणसांना काम वाटू लागला तर ठेका नावापुरताच असल्याचा पुरावा आपणच तयार करतो. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने नेमका हाच मुद्दा लढवला आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयातून सुमारे 2,700 कामगार कायम झाले. कामगारांच्या बाजूने तो न्यायच होता. ज्या परिषदेला माणसे आपल्याच हुकमतीत हवी आहेत, तिने त्यांना कायम करावे. ठेका हवा असेल तर काम मोजून घ्यावे, माणूस हाकू नये. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने तिसरा मार्ग दाखवला आहे. जिथे कचरावेचक संघटित आहेत तिथे तो आधी तपासून पाहावा.

मैलाटाकी किंवा भुयारी गटारात उतरण्याचे काम या ठेक्यात चुकूनही घालू नये. हाताने मैला सफाईविरोधी 2013 च्या कायद्याने धोकादायक सफाईला बंदी आहे, आणि ‘इतर अनुषंगिक स्वच्छता’ असल्या सैल शब्दांतून माणूस गटारात उतरवला जातो.

काम सुरू झाल्यावर पहिले तीन महिने रोज पहाटे हजेरी शेडवर कोणीतरी हवे. चेहरा ओळखणारी हजेरी शेडवर लावली जाते आणि तासाभराने माणूस दुसऱ्याच कामावर असतो, म्हणून दुसरी हजेरी दहाच्या सुमाराला बीटवर घ्यावी. जीपीएसची आखणी प्रभागाच्या हद्दीने न करता गल्लीने करावी. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली तरी प्रभागाची हद्द हिरवीच दिसते.

पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत आणि पीएफ, ईएसआय 15 पर्यंत. बिलासोबत बँकेतून पगार जमा झाल्याची यादी, हजेरीपत्रक आणि पीएफची नावानिशी यादी घ्यावी. नुसते पीएफ भरल्याचे चलन (पावती) घेऊ नये, कारण त्या चलनात ठेकेदाराच्या दुसऱ्या गावातली माणसेही असतात. तिन्ही यादीतली नावे जुळवायला एका लिपिकाला अर्धा दिवस लागतो. तेवढा द्यावा. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ नियोक्ता (ज्याच्यासाठी काम होते तो) म्हणून त्याचा भार परिषदेवरच येतो.

हेच परिषदेलाही लागू आहे. बिले चार-चार महिने थांबवायची आणि पगार वेळेवर मागायचा, हे चालत नाही. दोन महिन्यांच्या बिलाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला ठेवल्याशिवाय कार्यादेश देऊ नये, असा मी आग्रह धरतो.

दंडाचा आकडा ठेकेदाराच्या बचतीवरून काढावा. एक गाडी एक दिवस न पाठवल्याने डिझेल, चालक आणि मदतनीस मिळून जेवढे वाचते, त्याच्या दीडपट दंड हवा. 500 रुपयांचा दंड असेल तर गाडी न पाठवणेच त्याला परवडते. मात्र दंड कामगाराच्या पगारातून कापता येणार नाही, हेही त्याच कलमात लिहावे.

परिषदेच्या मालकीच्या गाड्या देताना संयुक्त पाहणी करून टायर, बॅटरी, हायड्रॉलिक आणि हौद्याचा पत्रा यांची फोटोसह नोंद करावी, आणि तीच पाहणी दर तिमाहीला. विमा, पासिंग आणि मोठी दुरुस्ती कोणाकडे, हे गाडीच्या क्रमांकासह लिहावे. ओल्या कचऱ्याच्या पाण्याने पत्रा खालून गंजतो, म्हणून रोज हौदा धुण्याची आणि वर्षातून एकदा आतून रंग देण्याची अट हवी. ठेका संपताना शेवटच्या दोन महिन्यांचे बिल आणि सुरक्षा ठेव तीन गोष्टी हातात आल्यावरच सोडावी: गाड्यांचा अंतिम पाहणी अहवाल, घरांच्या व मार्गांच्या नोंदींची पूर्ण प्रत, आणि प्रत्येक कामगाराचे पीएफ, बोनस व उपदान चुकते झाल्याची नावानिशी यादी, कामगारांच्या सहीसह.