धार बारीक झाली तेव्हा

होडीच्या मागे बाहेरून लावायचं आउटबोर्ड इंजिन घ्यायच्या आधी टू-स्ट्रोक बरं की फोर-स्ट्रोक, यावर मी कितीतरी दिवस डोकं खपवलं. शेवटी जुनं टू-स्ट्रोक घेतलं. वजनाला हलकं, आत व्हॉल्व्हची भानगड नाही, तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. माझ्या इंजिनाला ५०:१ प्रमाण, म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिली तेल. मोटारसायकलचं तेल त्यात घालायचं नाही, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठीचं टीसी-डब्ल्यू३ दर्जाचंच लागतं. हे सगळं मला पाठ होतं. बिघाड निघाला तो मात्र पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागात, जो दोन्ही प्रकारांत जवळपास सारखाच असतो.

इंजिन चालू असलं की मागून पाण्याची बारीक धार पडत राहते. आत थंड पाणी फिरतंय, याची ती खूण. एक दिवस ती नुसती ठिबकू लागली. मी लगेच इंजिन बंद केलं आणि वल्ही मारत परत आलो. धारेच्या भोकात नायलॉनची तार घालून पाहिली, कारण मीठ किंवा चिखल बऱ्याचदा तिथेच अडकतो. तार सहज आत गेली. म्हणजे खालच्या भागातला पाण्याचा पंप उघडणं आलं.

आधी स्पार्क प्लगच्या वायरी काढल्या. प्रोपेलर फिरवताना चुकून इंजिन सुरू झालं तर हात जायचा, तेव्हा यात आळस नको. खालच्या भागाचे बोल्ट खाऱ्या पाण्याने घट्ट धरले होते. गंज सोडवणारं तेल मारून दोन दिवस थांबलो. जोर केला असता तर बोल्ट तुटून अॅल्युमिनियममध्येच राहिला असता.

पंपात रबरी इंपेलर असतो, म्हणजे पाणी वर ढकलणारं पाकळ्यांचं चाक. माझ्या इंपेलरच्या तीन पाकळ्या तुटल्या होत्या. कारण मीच. ‘चालू होतंय का बघू’ म्हणून मी इंजिन पाण्याबाहेर चालवलं होतं. या रबराला पाण्याचंच वंगण असतं, कोरडं फिरलं की ते बघता बघता जळतं. आता नवीन इंपेलर बसवून मोकळं होता येत नव्हतं, तुटलेले तुकडे पाण्याच्या वाटेत कुठेतरी होते. दोन पंपाच्या तोंडाशीच सापडले. तिसऱ्यासाठी पार वर थर्मोस्टॅटपर्यंत, म्हणजे इंजिनाचं तापमान राखणाऱ्या झडपेपर्यंत जावं लागलं.

नवीन इंपेलरला द्रव साबण लावला आणि शाफ्ट, म्हणजे पंप फिरवणारा उभा दांडा, घड्याळाच्या दिशेने फिरवत पंपाचं कवच खाली दाबलं, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला वळतात. खरा घाम काढला पाण्याच्या नळीने. खालचा भाग वर चढवताना शाफ्टचे दाते, गिअरचा दांडा आणि ही नळी, तिन्ही एकाच वेळी आपापल्या जागी बसावे लागतात. मला तीन वेळा उतरवावं लागलं.

तेवढ्यात गिअर ऑइलही पाहिलं, तर ते दुधाळ! म्हणजे आत पाणी शिरलेलं. प्रोपेलर काढला तर त्याच्या शाफ्टभोवती मासेमारीचा दोरा गुंडाळलेला, त्याने पाणी आत येऊ न देणारं सील कापलं होतं. सील आणि स्क्रूचे वॉशर बदलले. नवीन तेल खालच्या भोकातून वर चढवायचं, ते वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते. मग ड्रममध्ये भरपूर पाणी घेऊन इंजिन चालवलं. धार जोरात आली. थोड्या वेळाने हात लावून पाहिला, पाणी कोमट लागलं.

पुढे फोर-स्ट्रोकही घेतलं. त्याचं तेल वेगळं भरायचं, दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलायचं, आणि इंजिन आडवं ठेवायचं ते पुस्तिकेत दिलेल्या बाजूवरच, नाहीतर तेल सिलिंडरमध्ये उतरतं. बाकी गोड्या पाण्याने धुणं आणि निम्मे झिजलेले अॅनोड, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे, बदलणं तेच. ते घरी आणल्यावर मी वरचं झाकण उघडलंच नाही. आधी प्रोपेलर काढून दोरा आहे का पाहिलं, मग खालचा स्क्रू सैल केला. गिअर ऑइल स्वच्छ होतं.